देऊ की दाखवू? : माहिती साक्षरता शिकवू शकतील असे ग्रंथपाल कसे तयार करायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ठाण्यातल्या एका ‘अ’ वर्ग सार्वजनिक ग्रंथालयात तुम्ही ग्रंथपाल आहात, हाताखाली चौघं जण आहेत, अभ्यासिका सकाळपासून भरलेली असते आणि कार्यकारिणीने ठराव केलाय की वाचकांसाठी माहिती साक्षरतेचे, म्हणजे हवी ती माहिती शोधायला आणि पारखायला शिकवणारे वर्ग सुरू करायचे. शिकवायचं या चौघांनीच. त्यांना तयार कसं करायचं, कुठून सुरुवात करायची, काय वाचायला द्यायचं? आणि त्यातल्या एक ताई ग्रंथालयशास्त्राची प्रमाणपत्र परीक्षा झालेल्या, पण संगणकाला बिचकणाऱ्या आहेत. त्यांना यातून वगळावं का?

मी नवी मुंबईतल्या एका महाविद्यालयात सत्तावीस वर्षं ग्रंथपाल आहे. गेली काही वर्षं ठाणे, कळवा, ऐरोली, नेरुळ अशा पट्ट्यातल्या सहकाऱ्यांबरोबर मी नेमकं हेच काम करते. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी माझी फजिती सांगते. सुरुवातीच्या काळात मी प्रथम वर्षाच्या साठ मुलांना प्रोजेक्टरच्या खोलीत बसवून दीड तास शिकवलं. ओपॅक म्हणजे ग्रंथालयाची संगणकावरची तालिका, पुस्तकांचं ड्युई दशांश वर्गीकरण, शोधताना शब्द जोडायचे बूलियनचे ‘अँड-ऑर-नॉट’, विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणारं इनफ्लिबनेट, प्रबंधांचा साठा असलेली शोधगंगा, काही म्हणून सोडलं नाही. मी माझ्यावरच खूष. दुसऱ्या दिवशी त्यातला एक मुलगा काउंटरवर आला. म्हटलं, आला बघा तयार झालेला विद्यार्थी. तो म्हणाला, ‘मॅडम, झेरॉक्स कुठे काढून मिळेल?’

पुढची दोन वर्षं मी स्लाइड सुधारत बसले. पण स्लाइडचा काही दोष नव्हता. मुलं कुठे अडतात ते मला माहीतच नव्हतं, कारण अडलेलं मूल समोर आलं की मी चटकन उठून त्याला हवं ते काढून देत होते. अडणं मी कधी बघितलंच नाही.

तुमच्या चौघांच्या बाबतीत हीच पहिली अडचण येणार आहे. आपल्या धंद्याची सगळी शिकवण ‘द्या’ची आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं वाचकाचा वेळ वाचवा. आपण ते इतकं मनावर घेतलंय की वाचकाने वाक्य पुरं करायच्या आत आपला हात कपाटाकडे जातो. (गंमत म्हणजे रंगनाथन स्वतः मुळात गणिताचे मास्तर. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा आधी शिकवणंच करत होते.) वाचकाचा आजचा वेळ वाचवायचा की पुढच्या दहा वर्षांतला, हा निवाडा दर वेळी करावा लागतो, आणि तो वाचकालाच विचारून करावा. मी सहकाऱ्यांना पहिल्या दिवशी एकच वाक्य पाठ करायला सांगते: ‘देऊ की दाखवू?’ ज्याला पाच चाळीसची पनवेल पकडायची आहे तो म्हणतो, द्या. त्याला द्यावं, मुकाट्याने द्यावं, व्याख्यान देऊ नये. पण दहातले दोन-तीन म्हणतात, दाखवा. आपला वर्ग तिथे सुरू होतो.

चहाचा ग्लास

नौपाड्यात आम्ही एकदा बारा जणांचा गट घेऊन बसलो होतो. त्यात कळव्याकडच्या एका वाचनालयातले, निवृत्तीला आलेले एक गृहस्थ होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. पुस्तकाचं नाव अर्धवट सांगा, लेखकाचं नाव चुकीचं सांगा, अण्णा अर्ध्या मिनिटात पुस्तक हातात ठेवणार. मी वाचक झाले आणि म्हटलं, ‘अण्णा, ठाण्याच्या तलावांवर काहीतरी हवंय. मला शोधायला शिकवा.’ त्यांनी ‘हो हो, सोपं आहे’ म्हणत माझ्या हाताखालचा माउस ओढून घेतला, सहा वेळा टिकटिक केलं आणि म्हणाले, ‘हे बघा, आलं!’

काय केलंत, असं विचारल्यावर त्यांना सांगता येईना. खरंच येईना. चाळीस वर्षांचं ज्ञान बोटांत उतरलं होतं आणि जिभेवरून केव्हाच पुसलं गेलं होतं.

मग चहा आला तेव्हा मी त्यांच्या दोन्ही हातांत काठोकाठ भरलेला एक ग्लास दिला आणि म्हटलं, हा खाली ठेवायचा नाही, आता सांगा. अण्णा चांगलेच वैतागले. ‘तिथे... ते वरचं... नाही, त्याच्या बाजूला... लिहा ना तलाव!’ मी ‘तलाव’ लिहिलं. शंभरावर नोंदी आल्या. ‘एवढ्या कशाला? ठाणे लिहा पुढे.’ लिहिलं. तीन आल्या. अण्णा क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘तीन फारच कमी आहेत. यात काहीतरी चुकतंय. तलावाचं नावच टाका, मासुंदा लिहून बघा. आणि विषयात इतिहास आहे का बघा, तलावांचं पुस्तक लोक इतिहासात टाकतात.’

शिकवायचं होतं ते नेमकं हेच. ‘तीन फारच कमी आहेत’ ही शंका. अनुभवी माणसाला ती आपोआप येते, नवख्याला येत नाही. नवखा माणूस तीन नोंदींना उत्तर समजून घरी जातो. तुमच्या चौघांच्या प्रशिक्षणाचा निम्म्याहून जास्त वेळ याच कामाला द्या: जोड्या करा, एकाने शोधायचं, दुसऱ्याने हात बांधून सांगायचं आणि सांगताना मनात आलेली प्रत्येक शंका मोठ्याने बोलायची. पहिल्या दोन-तीन वेळा सगळ्यांना लाज वाटते, नंतर सवय होते.

वही

जोड्यांच्या सरावाबरोबरच काउंटरवर एक साधी दोनशे पानी वही ठेवा. पंधरा दिवस वाचक जे जे विचारतील ते त्यांच्याच शब्दांत लिहायचं. ‘संदर्भ प्रश्न: शासकीय योजना’ असं शुद्ध करून नाही लिहायचं. ‘ते लाडक्या बहिणीचं बंद झालं म्हणतात, खरं का?’ असंच लिहायचं. शेजारी, तो प्रश्न खरा काय निघाला ते. दोन रकाने, बस्स.

या दोन रकान्यांमधलं अंतर बघून तुम्हालाच नवल वाटेल. ‘ठाण्याचा नकाशा आहे का’ असं विचारणाऱ्या बाईंना प्रत्यक्षात हवा होता शाळेच्या प्रवेशासाठी आपल्या इमारतीचा प्रभाग क्रमांक. ‘मानसशास्त्राचं पुस्तक द्या’ म्हणणाऱ्या आईला मुलगा बोलत का नाही, ते कळायला हवं होतं. संदर्भ मुलाखत, म्हणजे वाचकाला विचारून त्याचा खरा प्रश्न काढून घेणं, हा धडा आपण सगळे परीक्षेपुरता शिकतो. तो खरा शिकायचा तर या वहीतून. आणि वर्गाचे विषयही या वहीतूनच काढायचे. कार्यकारिणीने ठरवलेले ‘माहितीचे महत्त्व आणि स्रोत’ छाप विषय सभ्यपणे बाजूला ठेवा.

आणखी एक. वाचक का विचारत नाही, हे सहकाऱ्यांना समजलं पाहिजे. अमेरिकेत कॉन्स्टन्स मेलन यांनी १९८६ मध्ये ग्रंथालयाच्या धास्तीवर लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की विद्यार्थ्याला वाटतं, बाकी सगळ्यांना हे येतं, मलाच येत नाही, न येणं ही लाजेची गोष्ट आहे आणि विचारलं तर ते उघड होईल. आपल्या अभ्यासिकेतलं पोरगं बघा. तीन तास चुकीच्या पीडीएफमध्ये डोकं घालून बसेल, पण दहा पावलांवरच्या काउंटरला येणार नाही. त्यामुळे ‘तुम्हाला येत नसेल तर वर्गाला या’ अशी पाटी लावली, तर वर्ग ओस पडणार.

आडवं वाचन

आता शिकवायचं काय? मी एका गोष्टीवर सगळ्यात जास्त भर देते आणि ती आपल्या वाचनसंस्कृतीच्या जरा विरुद्ध जाते. समोरचं पान नीट, शेवटपर्यंत, लक्ष देऊन वाचा, असं आपण मुलांना सांगत आलो. अनोळखी संकेतस्थळाच्या बाबतीत हा सल्ला घातक आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास मांडला. त्यात पंचेचाळीस जण होते: दहा पीएचडी झालेले इतिहासकार, दहा व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि पंचवीस पदवीचे विद्यार्थी. सगळ्यांना संकेतस्थळं पारखायला दिली. विद्यार्थी तर फसलेच, इतिहासकारही बऱ्याचदा फसले, कारण ते त्याच पानावर राहून वरून खाली वाचत गेले. बोधचिन्ह बघितलं, भाषा बघितली. तथ्यतपासनिसांनी पान जेमतेम बघून सोडलं, शेजारी नव्या खिडक्या उघडल्या आणि ‘ही संस्था कोण, हिच्याबद्दल इतर काय म्हणतात’ ते शोधलं. याला त्यांनी लॅटरल रीडिंग म्हटलं. मी ‘आडवं वाचन’ म्हणते. वर्गात यावर कोणीतरी ‘मॅडम, आम्ही आडवे होऊनच वाचतो’ म्हणतंच. म्हणू द्या, शब्द लक्षात राहतो.

माइक कॉलफील्ड यांनी हेच चार पायऱ्यांत बसवलंय: थांबा, कोण सांगतंय ते बघा, दुसरीकडे काय आलंय ते शोधा, मूळ गाठा. पाठ करायला सोपं आहे. पण सहकाऱ्यांना नुसत्या पायऱ्या पाठ करायला लावल्या, तर ते पायऱ्याच शिकवतील. त्यांना आपल्याकडची अवघड उदाहरणं द्या.

एक देते. पत्ता वाचणं. संकेतस्थळाचा पत्ता, सुरुवातीचं ‘https://’ सोडून, पहिल्या तिरक्या रेघेपर्यंत घ्यायचा आणि उजवीकडून वाचायचा, जसं आपण पाकिटावर आधी गाव बघतो आणि मग गल्ली. शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ असेल तर ते सरकारी, कारण तो शेवट खासगी माणसाला मिळत नाही. इथपर्यंत सगळे छान शिकवतात. पण नवी मुंबईत हा नियम शिकवून तुम्ही थांबलात, की पहिला सिडकोचा अर्जदार तुम्हाला अडवणार. घरांच्या नोंदणीसाठी सिडकोने ‘डॉट कॉम’ने संपणारं संकेतस्थळही वापरलंय आणि ते अस्सल आहे. मग दलालाने पाठवलेलं, तसंच दिसणारं ‘डॉट कॉम’ कसं ओळखायचं? उत्तर असं की लिंक आली त्या वाटेने जायचंच नाही. सिडकोच्या मुख्य, सरकारी पत्त्यावर जायचं आणि तिथून दुव्याने पुढे. आपण पुढच्या दाराने आत जातो, कोणी मागच्या खिडकीतून बोलावलं म्हणून जात नाही. तुमच्या चौघांना नियम आणि नियम मोडणारं उदाहरण दोन्ही एकत्र द्या. नाहीतर वर्गात पहिल्याच प्रश्नाला ते उघडे पडतात आणि पुन्हा उभं राहायला तयार होत नाहीत.

खरा कागद, शिळी माहिती

दुसरं उदाहरण माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं. जुलै २०२४, ऐरोलीतलं एक छोटं वाचनालय. आमच्या गटात शिकलेली मुलगी तिथे काउंटरला होती आणि मी तिचं काम बघायला गेले होते. बासष्ट वर्षांच्या एक मावशी आल्या. लाडकी बहीण योजनेचा कागद घडी घालून पिशवीत. भाचीने छापून दिलेला. वयाची अट साठ, म्हणून मावशींनी अर्ज भरलाच नव्हता. त्यांना फक्त हे खरं का, तेवढं विचारायचं होतं.

मुलीने ‘दाखवू का?’ विचारलं आणि त्यांना शेजारी बसवलं. कागदाच्या शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं. शासन निर्णयाच्या शेवटी तो संकेतस्थळावर उपलब्ध असल्याचं वाक्य असतं आणि त्यात संगणक सांकेतांक असतो. तो लांबलचक आकडा मावशींनी वाचून दाखवला, मुलीने शासनाच्या संकेतस्थळावर टाकला. निर्णय सापडला. २८ जून २०२४, महिला व बालविकास विभाग. अक्षर न् अक्षर खरा. मुलगी माझ्याकडे बघून हसली.

मी गप्प राहिले. तिला हसू देणं चुकलं, हे मला कळत होतं, पण वाचकासमोर सहकाऱ्याला टोकायचं नाही, हा माझा नेम. सुदैवाने मावशींनीच विचारलं, ‘पण आमच्या चाळीतली त्रेसष्टची आहे, तिने भरला की गं.’

आता मुलगी थांबली. याच विभागाचे त्यानंतरचे निर्णय तारखेच्या क्रमाने लावले. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात सुधारित निर्णय निघाला होता, वयोमर्यादा साठवरून पासष्ट झाली होती. मावशींचा कागद बनावट नव्हता. तो शिळा होता.

खोट्या बातम्यांवरच सगळा भर देणाऱ्या वर्गांबद्दल माझी तक्रार इथेच आहे. आपल्या वाचकाचं नुकसान खोट्या कागदाने होतं, त्याहून जास्त वेळा ते खऱ्या पण जुन्या कागदाने होतं. जुना शासन निर्णय, गेल्या वर्षीचं प्रवेशपत्रक, बदललेला अभ्यासक्रम, दोन वर्षांपूर्वीची रुग्णालयाची वेळ. ‘हे खरं का?’ या प्रश्नाला ‘हे केव्हाचं?’ आणि ‘यानंतर काही आलं का?’ ही दोन शेपटं जोडायची सवय सहकाऱ्यांना लागेपर्यंत सोडू नका.

मराठीत शोधणं

याबद्दल बाहेरच्या पुस्तकांत काही सापडणार नाही आणि आपल्या वाचकाला तर हेच लागतं. मराठीत शोधताना एकच शब्द पाच तऱ्हांनी लिहिलेला असतो. १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या लेखननियमांनी उच्चार नसलेले अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांत ‘नाहीं’, ‘कांहीं’ असतं. जुन्या शीर्षकांची नोंद जशीच्या तशी केलेली असेल, तर आजचा शब्द टाकून ती सापडत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचे घोटाळे आपणच दाखलनोंद करताना केलेले असतात, ते वेगळेच. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या कित्येक पीडीएफ दिसायला मराठी असतात, पण त्यातला मजकूर कॉपी करून बघा, भलतीच इंग्रजी अक्षरं येतात. संगणकाच्या लेखी तिथे मराठी नाहीच, मग सापडणार कशी? वाचकाला हे माहीत नसतं. त्याला वाटतं, माहितीच नाही.

एक सराव माझा आवडता आहे. सहकाऱ्यांना सांगायचं, ठाणे जिल्ह्याचं ब्रिटिशकालीन गॅझेटियर इंटरनेटवर शोधा. इंग्रजीत ‘ठाणे’ आजच्या स्पेलिंगने टाकतात आणि नवीन काहीबाही येत राहतं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा तेरावा खंड १८८२ सालचा आहे आणि त्यावर गावाचं नाव छापलंय ‘थाना’, म्हणजे इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी ‘e’ऐवजी ‘a’. त्याच्याही मागे गेलात तर ‘टान्ना’. ज्या काळातलं पुस्तक, त्या काळातला शब्द. हे एकदा कळलं की कल्याण, वसई, पनवेल सगळ्यांची जुनी रूपं शोधण्यात माणसं दोन तास रमतात. मला त्यांना जेवायला हाकारावं लागतं.

चॅटबॉटची यादी

माझ्याकडे हल्ली आठवड्याला एक तरी विद्यार्थी छापील यादी घेऊन येतो: ‘मॅडम, ही आठ पुस्तकं हवीत.’ लेखक ओळखीचे, प्रकाशक ओळखीचे, सालं बिनचूक वाटावीत अशी. त्यातली तीन अस्तित्वातच नसतात. चॅटबॉटने लेखकाच्या नावाला शोभेल असं शीर्षक जुळवलेलं असतं. नवखा ग्रंथपाल ‘आमच्याकडे नाही’ म्हणून मोकळा होतो आणि मुलगा दुसऱ्या ग्रंथालयात जातो. ‘आमच्याकडे नाही’ आणि ‘असं पुस्तकच नाही’ यांतला फरक तपासून सांगणं, हे आता आपलं रोजचं काम आहे. सहकाऱ्यांना अशी एक यादी द्या, त्यात खरी-खोटी मिसळा आणि प्रत्येक नोंदीचा माग काढायला लावा: आपला ओपॅक, मोठ्या ग्रंथालयांच्या तालिका, प्रबंध असेल तर शोधगंगा, लेखकाच्या पुस्तकांची यादी. कंटाळवाणं काम आहे. पण शेवटी एकदा एक बाई म्हणाल्या, ‘म्हणजे हे यंत्र अगदी आमच्या सासऱ्यांसारखं, माहीत नाही असं म्हणणारच नाही!’ त्या दिवसापासून ही व्याख्या मी उसनी घेतली आहे.

पहिला वर्ग कसा असावा

एक प्रश्न, वीस मिनिटं, सहा-सात माणसं. याहून मोठा वर्ग चौघांपैकी कोणालाही पहिल्या सहा महिन्यांत देऊ नका. अभ्यासिकेतल्या स्पर्धा परीक्षावाल्यांसाठी ठाण्यात आयता विषय आहे: ‘भारतातली पहिली रेल्वे बोरीबंदर ते ठाणे धावली.’ सगळ्यांना पाठ असतं, १६ एप्रिल १८५३. मग विचारायचं, सिद्ध करा. शोधता शोधता कोणाला तरी मद्रासजवळची रेड हिल्स रेल्वे सापडते, १८३७ ची, रस्त्यासाठी दगड वाहणारी. कोणाला रुडकीजवळ सोलानीच्या बांधकामावर १८५१ मध्ये चाललेलं इंजिन सापडतं. गोंधळ होतो. एखाद्या ठाणेकराला जरा रागही येतो. मग कोणीतरी म्हणतं, ‘प्रवासी! पहिली प्रवासी रेल्वे!’ एका शब्दाने विधान खरं झालं. पुढे, ही गाडी पोचायला किती वेळ लागला ते शोधा म्हटलं की कुठे सत्तावन्न मिनिटं, कुठे सव्वा तास मिळतो. तिथे उत्तर देऊन टाकायचा मोह आवरा. कोणत्या स्रोताने तो आकडा कुठून घेतला, ते मुलांना मागे मागे जात शोधू द्या. घंटा झाली तरी चालेल.

वर्ग घेणाऱ्याच्या मागे दुसऱ्या सहकाऱ्याने बसावं आणि नंतर दोनच गोष्टी सांगाव्यात: वाचक कुठे अडला आणि शिकवणाऱ्याने कुठे घाई केली. ‘छान झालं’ म्हणायची बंदी. आणि हे सगळं कामाच्या वेळात. आपल्या सार्वजनिक ग्रंथालयांतल्या कर्मचाऱ्यांना अनुदानातून काय हातात पडतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. वर्गासाठी त्यांना सुट्टीच्या दिवशी बोलावलंत, तर येतील, पण शिकणार नाहीत. कार्यकारिणीकडून आठवड्याचा एक तास, देवघेव बंद ठेवून, लेखी मागून घ्या.

काका आणि फॉरवर्ड

सकाळी वर्तमानपत्रांच्या टेबलावर बसणारे ज्येष्ठ वाचक हा वेगळाच वर्ग. सत्तरीतले काका मोबाइल पुढे करून म्हणतात, ‘बघ, हे तुम्हाला शाळेत शिकवलं नाही.’ मजकूर इतिहासाचा असतो, नाहीतर औषधाचा, नाहीतर धर्माचा. पंचविशीतल्या कर्मचाऱ्याने तिथे ‘काका, हे खोटं आहे’ म्हटलं की खेळ संपला. काका उद्यापासून दुसऱ्या वाचनालयात. आम्ही याचा नाटकासारखा सराव करतो, मी काका होते आणि हट्टाने वाद घालते. चाललेलं वाक्य असं: ‘काका, हे मूळ कुठे आलंय ते मलाही बघायचंय. दोन मिनिटं बसता का?’ निष्कर्ष आपण काढायचा नाही. तारीख, मूळ फोटो, मूळ बातमी समोर आणायची आणि गप्प बसायचं. केंद्र सरकारबद्दलचा दावा असेल तर २०१९ पासून पत्र सूचना कार्यालयाची तथ्यतपासणी आहे, तीही बघावी. पण एकाच ठिकाणावर विसंबायची सवय तिथेही नको. काका दर वेळी पटवून घेतात असं नाही. एक काका महिनाभराने माझ्या सहकाऱ्याला म्हणाले, ‘आता मी पाठवायच्या आधी तारीख बघतो.’ पाठवायचं मात्र त्यांनी सोडलेलं नाही.

वाचायला काय द्यावं

फार नाही. माहिती साक्षरता हा शब्द १९७४ मध्ये पॉल झुरकोव्स्की यांनी वापरला वगैरे इतिहास परीक्षेसाठी ठीक आहे. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या संघटनेने, म्हणजे एसीआरएलने, २००० साली मानकं केली होती. २०१६ मध्ये तिने सहा संकल्पनांची चौकट स्वीकारली. त्यातली एकच संकल्पना सहकाऱ्यांशी बोला: अधिकार संदर्भावर ठरतो. घर कोणाला लागलं, यावर सिडकोची यादी प्रमाण. त्या घराच्या गल्लीत पावसाळ्यात पाणी भरतं का, यावर शेजारची किराणावाली प्रमाण. पाच मिनिटांत कळतं. बाकी पाच नंतर, ज्याला गोडी लागेल त्याला. युनेस्कोचा २०११ चा शिक्षकांसाठीचा माध्यम व माहिती साक्षरतेचा अभ्यासक्रम तुम्ही स्वतः चाळा, त्यातले उपक्रम उचलता येतात. चौघांच्या हातात मात्र तो गठ्ठा देऊ नका.

शिकवलेलं उतरलं का, हे बघायला अभिप्राय अर्ज निरुपयोगी. आपल्याकडे चहा दिला की सगळे ‘उत्कृष्ट’वर खूण करतात. त्याच वाचकाला आठवड्याने तशाच जातीचा दुसरा प्रश्न द्या आणि लांबून बघा. पहिल्या उत्तरावर थांबला की पुढे गेला, एवढंच वहीत लिहा.

आता तुमच्या ताई. वगळू नका. उलट पहिली जोडी त्यांची करा. संगणकाला बिचकणारा माणूस घाई करत नाही, प्रत्येक पायरी विचारून पुढे जातो आणि वाचकही नेमका तसाच असतो. त्यांना सुरुवात पडद्यावर नको. विश्वकोशाचे छापील खंड, एखाद्या चरित्राची अनुक्रमणिका आणि शेवटची सूची, एवढं घेऊन बसवा. नोंद कुठल्या अक्षराखाली असेल, नाही सापडली तर दुसरा कोणता शब्द, ‘पहा’ म्हटलंय तिथे का जायचं, हे त्यांना बहुतेक येत असेल. फक्त ते शिकवण्यासारखं आहे, असं त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. पडदा महिनाभराने आणा, तोवर शोधणं तेच आहे, जागा बदलली, हे त्यांचं त्यांना दिसेल. अनुभव असा, की अशा ताईंच्या वर्गाला बायका जास्त येतात आणि प्रश्नही जास्त विचारतात.

वही उद्याच घाला. पंधरा दिवसांची पानं भरली की वाचकांची नावं झाकून फोटो पाठवा, त्यातले कोणते तीन प्रश्न आधी वर्गाला घ्यायचे ते आपण बघू.